गंजलेल्या ट्रॅक्टरसाठी कोणता डबा घ्यावा

बोहरी आळीत जाऊन नुसतं ‘गंज सोडवायचा स्प्रे द्या’ म्हटलं, तर बहुतेक दुकानांत निळा-पिवळा डब्ल्यूडी-४० पुढे येतो. वस्तू चांगली आहे, पण दोन पावसाळे उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर-मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा भाग) उतरवायचा असेल तर हा डबा पहिली पसंती नाही. पुण्याच्या बाजारात सहज मिळणारे चार पर्याय इथे जिल्ह्यातल्या जुन्या ट्रॅक्टरच्या कामाला लावून तपासले आहेत: साधा डब्ल्यूडी-४०, त्याच कंपनीच्या स्पेशालिस्ट मालिकेतला पेनिट्रंट (गंजात शिरणारं तेल), थंडी मारणारा लॉकटाइट ८०४०, आणि घरी बनवायचं एटीएफ-अ‍ॅसिटोनचं मिश्रण. पाचवा पर्याय गॅसची ज्योत. ती डब्यात मिळत नाही, पण तिच्याशिवाय ही तुलना अपुरी राहील.

बोल्ट अडकतो कसा, ते आधी बघू. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये जी बारीक फट असते ती गंजाने ठासून भरते आणि आतून दाब येतो. पण गंज सच्छिद्र असतो. पातळ आणि पृष्ठताण कमी असलेला द्रव, दिव्याची वात जसं तेल ओढते तसा, त्या छिद्रांतून आत सरकतो. चांगल्या पेनिट्रंटकडून दोन अपेक्षा असतात: आत शिरण्याइतका पातळपणा, आणि शिरल्यावर मागे उरणारं वंगण. नुसता पातळ द्रव उडून जातो, नुसतं जाड तेल बाहेरच राहतं.

डब्ल्यूडी-४० च्या नावातच त्याचं काम आहे. डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने गंज रोखण्यासाठी पाणी हटवणारं द्रावण तयार केलं. चाळिसाव्या प्रयत्नात ते जमलं म्हणून ४०. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये हा त्याचा पहिला मोठा उपयोग. म्हणजे आधी लागलेला गंज फोडणं हा त्याचा मूळ हेतू नव्हताच. ओल्या वायरिंगचे जोड, डायनॅमोची टोकं, बिजागऱ्या, गिअर लिव्हरचं बूड, पावसात भिजलेली हत्यारं, इथे तो उत्तम. हलकासा गंज असेल तर तोही सोडवतो. पण त्याचं मागे उरणारं वंगण फार पातळ असतं. रोटाव्हेटरच्या शाफ्टला किंवा पुढच्या चाकाच्या किंगपिनला (चाक ज्याभोवती वळतं ती पिन) ‘तेल’ म्हणून तो मारून काम चालवू नका, तिथे ग्रीसच हवं. कंपनीने स्पेशालिस्ट मालिकेत पेनिट्रंट वेगळा काढला आहे, यातूनच दोन्हींच्या कामांतला फरक कळतो.

तो स्पेशालिस्ट पेनिट्रंट जाम बोल्टसाठी स्पष्टपणे सरस. आत जास्त सरकतो, जागेवर जास्त टिकतो. मोठी सोय म्हणजे नळी. क्लच हाउसिंगच्या खालचा बोल्ट, डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या क्लॅम्पमागचा स्टड (बिनडोक्याचा बोल्ट), अशा हात न पोचणाऱ्या जागी नेमका थेंब टाकता येतो आणि बाकी सगळं माखत नाही. दुकानात मागताना ‘पेनिट्रंट’ हा शब्द डब्यावर वाचूनच घ्या, कारण याच मालिकेत सिलिकॉन आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचेही डबे असतात. बोहरी आळीत तो प्रत्येक दुकानात नसतो. भोसरी एमआयडीसीच्या बाजूला कारखान्यांना माल पुरवणाऱ्या विक्रेत्यांकडे मिळण्याची शक्यता जास्त.

खर्चाचा विचार केला तर घरचं मिश्रण सगळ्यांना मागे टाकतं. एटीएफ, म्हणजे पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते लाल ऑइल, नाना पेठेतल्या कोणत्याही स्पेअर पार्ट्सच्या दुकानात लिटरच्या डब्यात मिळतं. अ‍ॅसिटोन फायबर-ग्लासचं सामान किंवा रसायनं विकणाऱ्या दुकानात. प्रमाण निम्मं-निम्मं: १०० मिली एटीएफ, १०० मिली अ‍ॅसिटोन. यापेक्षा जास्त एका वेळी बनवू नका, कारण अ‍ॅसिटोन उडून जातं आणि उरतं नुसतं लाल ऑइल. दोन्ही नीट एकजीव होत नाहीत, ठेवलं की थर वेगळे होतात. त्यामुळे प्रत्येक वेळी वापरण्याआधी जोरात हलवायचं, नाहीतर वरचा थरच बोल्टवर पडतो. भरायला पत्र्याची तेलाची कुप्पी घ्या. साध्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांपैकी काही अ‍ॅसिटोनने विरघळतात. रंग, रबरी ऑइल सील, ओ-रिंग, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक यांनाही ते खातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: अ‍ॅसिटोनची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेते. शेडमध्ये वेल्डिंग चालू असेल, कुणी विडी ओढत असेल, तर हे मिश्रण बाहेर काढायचंच नाही. ज्या जोडावर ज्योत मारायची आहे तिथे हे टाकलेलं असेल तर आधी चिंधीने पुसून पूर्ण वाळू द्या.

गावाकडे सगळीकडे चालणारं ‘डिझेल टाकून ठेव’ चुकीचं नाही. डिझेल आत शिरतं, लवकर उडत नाही, फक्त वेळ फार घेतं. चार दिवस हातात असतील तर निम्मं डिझेल, निम्मं एटीएफ हेही चांगलं.

आता लॉकटाइट ८०४०. हा स्प्रे धातू एकदम थंड करतो. उत्पादकाच्या म्हणण्यानुसार उणे ४३ अंश सेल्सिअसपर्यंत. बोल्ट झटक्यात आकसतो, गंजाच्या थराला बारीक चिरा पडतात आणि त्यांतून तेल आत जातं. तत्त्व पटणारं आहे. मर्यादा ही की हा परिणाम लहान वस्तूवर दिसतो. ८ किंवा १० मिमीचा स्टड, ब्रेकच्या पाइपचा नट, नोझलचा क्लॅम्प, इथे तो पैसे वसूल करतो, विशेषतः डिझेलची नळी किंवा ऑइल सील शेजारी असल्याने ज्योत लावता येत नाही तेव्हा. मागच्या चाकाच्या जाड बोल्टवर अख्खा डबा रिकामा केला तरी एवढ्या लोखंडाच्या वस्तुमानाला काही फरक पडत नाही. फवारा बोल्टच्या मधोमध मारा, नटवर नाही. आकसायला हवा बोल्ट. डबा महाग आहे, म्हणून तो शेवटच्या दोन-तीन अडलेल्या जागांसाठी राखून ठेवावा.

कोणताही डबा घ्या, वापरण्याची पद्धत चुकली तर सगळे सारखेच निकामी. जुन्या ट्रॅक्टरवर चार-चार हात रंग असतो. तो आणि वाळलेला चिखल तारेच्या ब्रशने खरवडून आट्यांची रेष उघडी करा, नाहीतर तेल रंगावरच बसतं. बोल्टचं टोक दुसऱ्या बाजूने उघडं असेल तर तिकडूनही टाका. उभ्या स्टडला माती किंवा मेणाची छोटी पाळ करून त्यात तेल साठवता येतं, आडव्या बोल्टला ते जमत नाही, तिथे भिजवलेली चिंधी गुंडाळून ठेवावी लागते. मग सकाळ-संध्याकाळ थोडं तेल आणि प्रत्येक वेळी हातोडीने डोक्यावर दहा-पंधरा हलके ठोके. त्या कंपनाने गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. दोन ते तीन दिवस हे करून मगच पाना लावायचा. फवारा मारून पाच मिनिटांत पाइप घालून ओढणं ही स्टड तुटण्याची सगळ्यात नेहमीची वाट.

ताकदीचा हिशोब सोपा आहे. ८.८ ग्रेडच्या (नेहमीच्या मजबूत दर्जाच्या) १० मिमी बोल्टला कसण्यासाठी साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर लागतात. पान्यावर एक मीटरचा पाइप चढवून माणसाने ३० किलोचा जोर दिला की जवळपास ३०० न्यूटन-मीटर होतात. बोल्ट तुटणारच. आधी किंचित कसायच्या दिशेने हलवून बघा, मग सोडायच्या. हलला की पुन्हा आत, पुन्हा बाहेर, मध्ये तेल. कचऱ्यासारखा गंज आट्यांत गोळा होतो, तो मागे-पुढे करूनच बाहेर पडतो. सरळ एका दमात बाहेर ओढला तर अर्ध्यावर पुन्हा अडकतो आणि आटे सोलून निघतात. इम्पॅक्ट रेंच असेल तर तो लांब पाइपपेक्षा बरा, कारण तो लहान लहान झटके देतो.

पान्याच्या मापाकडेही इथे बारीक लक्ष हवं. महिंद्राचा बी-२७५ आणि मॅसी १०३५ यांसारख्या गाड्यांवर इंची बोल्ट भेटतात. एचएमटीचे जुने ट्रॅक्टर झेटर या झेक कंपनीच्या घराण्यातले, ते मिलिमीटरमध्ये. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, तिथे १९ चा पाना चालतो. पाच-अष्टमांशला १६, पंधरा-सोळांशला २४ चालतो. पण नऊ-सोळांश म्हणजे १४.२९ मिमी: १४ चा बसत नाही, १५ चा सैल पडतो आणि गंजलेल्या डोक्याचे कोपरे गोल करतो. अर्ध्या इंचाला १३ चा लावला तरी तेच. इंची पान्यांचा जुना सेट जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी शोधायला सोपा, फक्त पान्याचा जबडा फाकलेला नाही ना ते बघून घ्या. गोटी (सॉकेट) घेताना सहा कोनांची, बारा कोनांची नको.

टॉप लिंकचं, म्हणजे ट्रॅक्टरला मागचं औजार वरून जोडणाऱ्या दांड्याचं, एक टोक डाव्या आट्याचं असतं. चिखलणीनंतर गंजून बसलेली टॉप लिंक सोडवताना लोक दोन्ही टोकं एकाच दिशेने फिरवायला जातात आणि तासभर वाया घालवतात. मधल्या नळीच्या दोन्ही तोंडांतून तेल सोडा, मधल्या भोकात सळई घालून नळी फिरवा, टोकं धरून ठेवा. मुळशी, मावळ, भोरच्या भातखाचरांत चालणाऱ्या गाड्यांचं हे दरवर्षीचं दुखणं आहे.

ज्योतीचा मान मात्र कुठलाच डबा घेऊ शकत नाही. नटाला गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवा. नट, बोल्ट नाही. नट फुगतो, आटे मोकळे होतात. रंग उतरून काळा पडू लागला की पाना लावा. आणखी परिणाम हवा असेल तर तापलेल्या नटाच्या कडेला मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, पेनिट्रंटसारखंच, आणि ते उडून जात नाही. मॅनिफोल्डच्या स्टडसाठी हा उपाय सर्वात खात्रीचा. तापलेल्या बिडावर पाणी ओतू नका, तडा जातो. अ‍ॅल्युमिनियमवर ज्योत नको, ते लाल न होता एकदम वितळतं. डिझेल टाकीजवळ, ऑइल सील किंवा बेअरिंगला चिकटून ज्योत नको. आणि टायर बसवलेल्या चाकाच्या रिमवर किंवा बोल्टवर ज्योत कधीच नको. आतली हवा आणि रबराचा वायू तापून टायर बॉम्बसारखा फुटतो, पाणी भरलेल्या टायरलाही हाच धोका, हवा सोडलेली असली तरीही. आधी टायर रिमवरून उतरवा, मगच गॅस पेटवा. इतर काही विसरलात तरी हे विसरू नका. कोणताही स्प्रेचा डबा त्या वेळी शेजारच्या खोलीत ठेवा.

स्टड तुटलाच, तर तुटलेल्या टोकावर मोठा नट ठेवून आतून वेल्ड करा. वेल्डिंगची उष्णता हाच खरा उपाय असतो, नट हे पान्यासाठीचं निमित्त. गार झाल्यावर फिरवा. पृष्ठभागाशी समतल तुटला असेल तर अगदी मध्यावर पंच करून डाव्या दिशेने कापणारं ड्रिल वापरा. भोक पडताना अनेकदा तुकडाच बाहेर येतो. ‘इझी आउट’, म्हणजे भोकात घालून तुकडा उलटा फिरवायचं हत्यार, हा शेवटचा पर्याय, कारण ते कडक पोलादाचं असतं, आत तुटलं तर साध्या ड्रिलने कापत नाही आणि हेड मशीन शॉपमध्ये न्यावं लागतं. नवे आटे टॅपने पाडायचे असतील तर आधी मारायचं ड्रिल: १० मिमीच्या नेहमीच्या आट्याला ८.५ मिमी, ८ मिमीला ६.८, १२ मिमीला १०.२.

सगळ्यात जास्त प्रश्न येतो जाम इंजिनचा. उभ्या सायलेन्सरवर टोपी नसली की पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असलेल्या सिलिंडरमध्ये उतरतं आणि पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरची आतली नळी) चिकटतात. ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून गिअरमध्ये सोडायचा, हा सल्ला मिळेल. ऐकू नका. कनेक्टिंग रॉड वाकतो, व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर पुश रॉड वाकतो. आधी सम्पचा (खालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन प्लग थोडा सैल करा. पहिलं पाणी आलं तर दुखणं किती खोल आहे ते कळतं. टॅपेट कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्हच्या टोकावर हलका ठोका मारा, तो परत वर उसळला पाहिजे. मग नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ५० ते १०० मिली डिझेल-एटीएफ निम्मं-निम्मं ओता. इथे अ‍ॅसिटोन नको. आठवडाभर, गरज पडल्यास दोन आठवडे मुरू द्या, खाली उतरलं तेवढं पुन्हा भरा. महागडा स्प्रे इथे ओतणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे, या जागी लागतं ते प्रमाण आणि वेळ.

त्यानंतर क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून दोन्ही दिशांना थोडा थोडा जोर द्या. केसभर हलला तरी थांबा, पुन्हा मुरू द्या. अजिबात हलत नसेल तर हेड उतरवा आणि गंजाचा पट्टा कोणत्या लायनरवर आहे ते बघा. लायनरचा पिस्टनच्या वरचा भाग बारीक एमरीने साफ करा, नाहीतर सुटलेला पिस्टन त्याच गंजात पुन्हा फसेल. पिस्टनच्या मापाचा लाकडी ठोकळा ठेवून वरून ठोके द्यायचे. अगदी टोकाला, वर थांबलेल्या पिस्टनवर ठोकून काही उपयोग नाही, कारण रॉड सरळ रेषेत असतो आणि सगळा मार क्रँकवर जातो. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक वर असला तर उरलेले दोन मध्याच्या खाली असतात, प्रयत्न त्यांच्यावर. तरीही नाही सुटला आणि लायनर ‘ओला’ प्रकारचा (बाहेरून थेट कूलंटचं पाणी लागणारा, बदलता येणारा) असेल, तर खालून रॉडची कॅप काढून पिस्टन लायनरसकट वर काढणं शहाणपणाचं. लायनर बदलता येतो, क्रँकचा खर्च वेगळा. इंजिन सुटल्यावर फिरवताना नोझल काढलेलेच ठेवा, नाहीतर सिलिंडरमधलं तेल दाबलं जाऊन रॉड वाकतो. सम्पमध्ये डिझेल उतरलेलं असतं, म्हणून इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय चालू करू नका.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असेल किंवा ब्रेक शू ड्रमला, तर या डब्यांपैकी एकही नको. लायनिंगवर तेल गेलं की ती बदलावीच लागते. ड्रमच्या कडेने सगळीकडून हातोडीने ठोकत जा, ड्रममध्ये आट्यांची भोकं असतील तर त्यांत दोन बोल्ट सारखेच कसत जा, ड्रम स्वतःहून बाहेर येतो. क्लचसाठी पॅडल लाकडाने दाबून बांधून ठेवणं हा पहिला उपाय.

उतरवलेले सुटे भाग भिजवायचे तर सायट्रिक अ‍ॅसिड, लिटरला ५० ते १०० ग्रॅम, काही तासांपासून एका दिवसापर्यंत. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून लगेच तेल. उसाच्या पट्ट्यात मळीचं पाणीही चालतं, एक भाग मळी, दहा भाग पाणी, पण त्याला आठवडे लागतात आणि वास सहन करावा लागतो. दोन्हींत अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा असलेला तुकडा टाकू नका. कडक स्प्रिंगा आणि बेअरिंगही नकोत.

खरेदी कशी करावी, तर एका ट्रॅक्टरसाठी एक लिटर एटीएफ, अर्धा लिटर अ‍ॅसिटोन, नळीचा एक पेनिट्रंट, आणि साधा डब्ल्यूडी-४० वायरिंग आणि हत्यारांसाठी. थंडीचा डबा फक्त ज्योत न चालणाऱ्या जागा जास्त असतील तर. एवढ्यावर बी-२७५ सारखी गाडी मागच्या एक्सलपासून मॅनिफोल्डपर्यंत खोलता येते. सोबत कॉपर ग्रीसची एक ट्यूब आणा. मॅनिफोल्ड, चाकं, ड्रॉबारचे बोल्ट परत बसवताना आट्यांना ती लावा, पण कसताना जोर साधारण पाव भागाने कमी ठेवा. ग्रीस लावलेला बोल्ट त्याच जोराने कसला तर जास्त ताणला जातो. आणि सायलेन्सरवर झाकणी बसवा. ती मिळेपर्यंत रिकामा डबा पालथा घाला, फक्त चालू करण्याआधी तो काढायची आठवण स्टिअरिंगला बांधून ठेवा.